हर्थ पॅड

हर्थ पॅड म्हणजे लाकूड किंवा कोळसा जाळून खोली उबदार ठेवणाऱ्या लोखंडी शेगडीखाली घालावयाचा न जळणारा पाट होय. घराची जमीन लाकडी असेल, किंवा तिच्यावर गालिचा, व्हिनाइल वा लॅमिनेट बसवलेले असेल, तेथे शेगडीच्या तळाची उष्णता आणि दारातून बाहेर पडणारे निखारे यांपासून जमिनीचे रक्षण करणे हे त्याचे काम. उत्तर अमेरिका, ब्रिटन व उत्तर युरोपातील घरांमध्ये त्याचा वापर मोठ्या प्रमाणावर होतो. बाजारात तयार हर्थ पॅड मिळतात. परंतु ते महाग व बहुधा जड असल्याने सिमेंट बोर्ड, खनिज तंतूंचा बोर्ड, टाइल आणि पत्रा यांपासून घरीच स्वस्त व हलका पॅड तयार करण्याची पद्धत रूढ आहे. असा पॅड तयार करणे सुताराच्या व गवंड्याच्या सामान्य कौशल्यात बसते. मात्र त्यातील थरांची निवड अंदाजाने केल्यास तो दिसायला भक्कम आणि प्रत्यक्षात निरुपयोगी ठरू शकतो.

पार्श्वभूमी

विटांच्या किंवा दगडी भिंतीत बांधलेल्या पारंपरिक अग्निकुंडाला स्वतंत्र पाटाची गरज नव्हती, कारण त्याचा तळ आणि पुढचा ओटा दगडाचाच असे. ओतीव लोखंडाच्या शेगड्या आल्यावर परिस्थिती बदलली. बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७४२ च्या सुमारास तयार केलेल्या शेगडीसारख्या साधनांमुळे विस्तव भिंतीतून निघून खोलीत आला. एकोणिसाव्या शतकात लोखंडी शेगडी सर्वसामान्य घरांत पोहोचली आणि तिच्याखालची जमीन बहुतेक ठिकाणी फळ्यांची होती. त्या काळी शेगडीखाली जस्ताचा किंवा कथलाचा मुलामा दिलेला नक्षीदार पत्रा घालत. पुढे पत्र्याखाली ॲस्बेस्टॉसचा जाड पुठ्ठा घालण्याची प्रथा पडली आणि ती विसाव्या शतकात बराच काळ टिकली.

१९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिका व कॅनडात लाकडी इंधनाच्या शेगड्यांना पुन्हा मागणी आली. अनेक कुटुंबांनी पूर्वानुभव नसताना अशा शेगड्या बसवल्या. शेगडी, धुराडे व ज्वलनशील भागांमधील अंतरे, तसेच जमिनीचे संरक्षण यांविषयीच्या नियमांकडे त्यानंतर अधिक गांभीर्याने पाहिले जाऊ लागले. आज अमेरिकेत एनएफपीए २११ हे मानक धुराडी व घन इंधनाची साधने यांना, तर यूएल १६१८ हे मानक तयार जमीन-संरक्षकांच्या चाचणीला लागू होते. कॅनडात सीएसए बी३६५, तर इंग्लंडमध्ये इमारत नियमांचा ‘दस्तऐवज जे’ हा भाग या विषयाशी संबंधित आहे.

धोक्याचे दोन प्रकार

जमिनीला असलेला धोका दोन वेगळ्या वाटांनी येतो आणि त्यांवरचे उपायही वेगळे आहेत.

पहिला धोका निखाऱ्यांचा. दार उघडून लाकूड सारताना किंवा राख काढताना निखारा बाहेर पडतो, ओल्या किंवा राळयुक्त लाकडातून ठिणगी उडते. हा धोका टाळण्यास सलग, फट नसलेला आणि न जळणारा पृष्ठभाग पुरतो. ०.६ मिलिमीटर जाडीचा, म्हणजे २४ गेजचा पोलादी पत्रा किंवा सांधे नीट भरलेल्या टाइल हे काम चोख करतात. टाइल नुसत्या शेजारी शेजारी मांडून ठेवल्या तर मात्र निखारा फटीत जाऊन थेट लाकडावर बसतो.

दुसरा धोका अदृश्य आहे. शेगडीच्या तळातून खाली उत्सर्जित होणारी उष्णता पाटातून झिरपत लाकडापर्यंत पोहोचते. लाकूड झटकन पेटण्यासाठी सामान्यतः २५० ते ३०० अंश सेल्सिअस किंवा अधिक तापमान लागते, ही माहिती खरी असली तरी येथे ती दिशाभूल करणारी आहे. त्याहून बऱ्याच कमी तापमानात महिनोन्महिने, वर्षानुवर्षे तापत राहिलेले लाकूड सुकते, तपकिरी होते, हळूहळू कोळशासारखे बनते आणि त्याचे प्रज्वलन पूर्वीपेक्षा सोपे होते. या क्रियेला उष्माविघटन म्हणतात. ती पाटाखाली, नजरेआड घडत असल्यामुळे पहिले काही हिवाळे सुखरूप गेले हा पाट सुरक्षित असल्याचा पुरावा ठरत नाही.

आधुनिक शेगड्यांपैकी अनेकींच्या तळाशी राखेचा खण आणि उष्णतारोधक पत्रा असतो. अशा शेगडीला केवळ निखाऱ्यांपासून संरक्षण पुरते. इतरांना उष्णतारोधही लागतो. आपली शेगडी कोणत्या प्रकारची आहे, हे उत्पादकाच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते. पाट तयार करण्याचे काम खरे तर तेथूनच सुरू होते.

उष्णतारोधाचे गणित

पदार्थाचा थर उष्णतेला किती अडवतो हे ‘आर’ मूल्याने सांगतात. थराची जाडी भागिले त्या पदार्थाची उष्णतावाहकता म्हणजे आर मूल्य. एकावर एक ठेवलेल्या थरांच्या आर मूल्यांची बेरीज करता येते. उत्तर अमेरिकेतील पुस्तिकांत ते फूट, फॅरनहाइट व बीटीयू या एककांवर आधारलेले असते. त्या पद्धतीत साडेबारा मिलिमीटर जाडीच्या पारंपरिक सिमेंट बोर्डाचे आर मूल्य सुमारे ०.२६ आहे. तेवढ्याच जाडीच्या खनिज तंतूंच्या बोर्डाचे ते १ च्या आसपास भरते. सामान्य विटेचे मूल्य दर इंचाला सुमारे ०.२, म्हणजे ५० मिलिमीटर विटेचे जेमतेम ०.४ होते. टाइलचे मूल्य नगण्य असून पोलादी पत्र्याचे व्यवहारात शून्यच धरतात.

या आकड्यांतून एक सर्वसाधारण गैरसमज दूर होतो. जाड आणि वजनदार पाट म्हणजे सुरक्षित पाट, असे अनेकांना वाटते. वस्तुतः वीट, दगड व काँक्रीट उष्णता साठवतात, अडवत नाहीत. शेगडी सलग आठ-दहा तास पेटत राहिली की दगडाचा खालचा पृष्ठभागही तापू लागतो. उष्णता अडवणारा पदार्थ बहुधा हलका आणि सच्छिद्र असतो, कारण त्याच्यात कोंडलेली हवाच खरे काम करते. म्हणूनच पाट हलका करणे आणि तो सुरक्षित करणे ही दोन उद्दिष्टे परस्परविरोधी नाहीत.

उदाहरणादाखल, एखाद्या शेगडीच्या पुस्तिकेत आर मूल्य १.५ मागितले आहे आणि पाट १.२ मीटर लांब व तेवढाच रुंद, म्हणजे १.४४ चौरस मीटरचा करावयाचा आहे असे धरू. केवळ सिमेंट बोर्ड वापरल्यास सहा थर लागतात. पाटाची जाडी ७५ मिलिमीटर होते आणि चौरस मीटरला सुमारे १३ किलो या हिशेबाने वजन ११० किलोच्या वर जाते. केवळ विटा वापरल्यास १९० मिलिमीटर उंचीचा ओटाच बांधावा लागेल. याउलट खनिज तंतूंच्या बोर्डाचा एक थर आणि त्यावर सिमेंट बोर्डाचे दोन थर घेतल्यास बेरीज १.५२ येते, जाडी ३८ मिलिमीटरच्या आत राहते आणि वजन सुमारे ४३ किलो भरते. तंतूंचे दोन थर व सिमेंट बोर्डाचा एक थर घेतला तर आर मूल्य २.२६ पर्यंत चढते आणि वजन ३० किलोच्या आसपास उतरते. प्रत्यक्ष खरेदीच्या वेळी मात्र त्या त्या उत्पादनाच्या पत्रकातील मूल्यच धरावे लागते. एकाच जाडीच्या दोन कंपन्यांच्या बोर्डांत मोठा फरक असू शकतो.

एककांचा घोटाळा ही येथील सर्वांत घातक चूक आहे. मेट्रिक पद्धतीतील आर मूल्याला सुमारे ५.७ ने गुणले की उत्तर अमेरिकी मूल्य मिळते. म्हणजे वरील उदाहरणातील १.५ ही अट युरोपीय पुस्तिकेत ०.२६ अशी छापलेली असेल. ती वाचून ०.२६ हे अमेरिकी मूल्य असलेला सिमेंट बोर्डाचा एकच थर घालणाऱ्याला आपली अट तंतोतंत पूर्ण झाली असे वाटेल. प्रत्यक्षात त्याने आवश्यकतेच्या सहाव्या हिश्श्याइतकेच संरक्षण दिलेले असेल.

काही पुस्तिकांत आर ऐवजी ‘के’ किंवा ‘सी’ मूल्य असते. के म्हणजे पदार्थाची वाहकता आणि सी म्हणजे ठरावीक जाडीच्या थराची वाहकता. ती जितकी कमी तितका रोध अधिक. सी चा व्यस्त घेतला की आर मिळतो.

साहित्य

सिमेंट बोर्ड हा अशा पाटाचा कणा होय. न्हाणीघरातील टाइलखाली वापरला जाणारा हा बोर्ड सिमेंट व काचतंतूंच्या जाळीचा असतो, जळत नाही, भार सहन करतो आणि टाइलला चांगला धरतो. सिमेंट बोर्ड या नावाखाली सेल्युलोज तंतू मिसळलेले बोर्डही विकले जातात. ते सगळेच न जळणारे म्हणून प्रमाणित नसतात, त्यामुळे पत्रक पाहणे आवश्यक ठरते.

खनिज तंतूंचा बोर्ड हलका व उत्तम रोधक असला तरी मऊ असतो. शेगडीचा पाय थेट त्यावर टेकवला तर तेथे खड्डा पडतो. म्हणून त्याच्यावर भार पसरवणारा कठीण थर नेहमी असावा. तो ओल धरतो, हीही त्याची उणीव.

जिप्सम बोर्ड स्वस्त असल्यामुळे त्याचा मोह होतो. त्याच्या दोन्ही बाजूंना कागद असतो आणि जिप्सममध्ये वजनाच्या सुमारे २१ टक्के पाणी रासायनिक रूपात बांधलेले असते. आगीच्या वेळी हेच पाणी वाफ होऊन भिंतीला काही काळ वाचवते, पण सतत तापत राहिल्यास ते निघून जाते व बोर्ड ठिसूळ होतो. एकदाच येणाऱ्या आगीला तोंड देणे आणि दररोजची आच सोसणे या भिन्न गोष्टी आहेत. हर्थ पॅडसाठी जिप्सम बोर्ड अयोग्य मानला जातो.

बंदिस्त हवेचा थर हा सर्वांत स्वस्त रोधक. भिंतींच्या चौकटीसाठी मिळणाऱ्या हलक्या पोलादी पट्ट्या आडव्या ठेवून त्यांवर सिमेंट बोर्ड बसवला की खाली पोकळी तयार होते. वरची बाजू गरम आणि खालची थंड असल्यामुळे अशा पोकळीत हवा फारशी फिरत नाही. गरम हवा वरच थांबते. उष्णतेचे वहन मग मुख्यतः प्रारणाने होते आणि चकचकीत धातूचा पृष्ठभाग ते कमी करतो. तथापि जेथे पट्टी बोर्डाला व जमिनीला एकाच वेळी टेकते तेथे धातूतून उष्णता थेट खाली उतरते. त्यामुळे पट्ट्या शेगडीच्या तळाच्या मध्याखाली न आणता शक्य तो पायांच्या रेषेत ठेवतात.

वरच्या थरासाठी टाइल, पातळ दगड किंवा पत्रा वापरतात. आठ मिलिमीटरच्या पोर्सिलेन टाइलने वरील आकाराच्या पाटाचे वजन सुमारे २६ किलोने वाढते, तर २४ गेजच्या पत्र्याने अवघ्या ७ किलोने. उन्हाळ्यात पाट उचलून ठेवावयाचा असेल तर पत्रा सोयीचा. टाइल अधिक शोभिवंत दिसते, पण तिला वाकणारा आधार चालत नाही.

आकार

पाट शेगडीच्या बाहेर किती यावा हे उत्पादकाची पुस्तिका व स्थानिक नियम ठरवतात. अमेरिकेत प्रमाणित शेगड्यांसाठी लाकूड घालण्याच्या दारासमोर १६ इंच आणि इतर बाजूंना ८ इंच ही अंतरे प्रचलित आहेत. कॅनडात दारासमोर ४५० मिलिमीटर व अन्य बाजूंना २०० मिलिमीटर लागतात. इंग्लंडमध्ये बंद दाराच्या शेगडीसमोर २२५, उघड्या विस्तवासमोर ३०० आणि बाजूंना १५० मिलिमीटर जागा ठेवतात. शेगडीमुळे तळाचे तापमान १०० अंशांवर जात नसेल, तर तेथे १२ मिलिमीटर जाडीचा न जळणारा पाट पुरतो. अन्यथा पूर्ण बांधकामी ओटा आवश्यक असतो. बाजूलाही दार असलेल्या शेगडीच्या त्या बाजूचे अंतर समोरच्याइतके धरतात, ही गोष्ट मापे घेताना हमखास विसरली जाते.

प्रमाणपत्र नसलेल्या जुन्या शेगड्यांना एनएफपीए २११ चे नियम अधिक कडक आहेत. सहा इंचांहून उंच पायांच्या शेगडीखाली किमान दोन इंच जाडीच्या विटा व पत्रा, दोन ते सहा इंच पायांखाली चार इंच जाडीच्या पोकळ विटा व पत्रा लागतो. दोन इंचांहून कमी उंचीची शेगडी ज्वलनशील जमिनीवर ठेवण्यास परवानगीच नाही. हलका पाट हा पर्याय अशा शेगड्यांसाठी नसतो.

बांधणी

प्रथम १२ ते १८ मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडचा तळ कापतात. हा तळ सगळे थर एकत्र धरतो आणि पाट उचलता येण्याजोगा करतो. प्लायवूड स्वतः ज्वलनशील असल्याने त्याचे आर मूल्य हिशेबात धरत नाहीत. रक्षण करावयाच्या वस्तूंतच त्याची गणना होते. गुण्या लावून आणि दोन्ही कर्ण मोजून तळ काटकोनात असल्याची खात्री करतात.

खनिज तंतूंचा बोर्ड वापरावयाचा असल्यास तो तळावर नुसता पसरतात. त्यावर सिमेंट बोर्ड येतो. बोर्ड कापण्यासाठी कठीण धातूच्या पात्याने रेघ ओढून तो मोडतात. यांत्रिक करवतीने कापल्यास उडणारी सिलिकायुक्त धूळ फुप्फुसांना अपायकारक असते, म्हणून मुखपट्टी लावून हे काम उघड्यावर करतात. दोन थर असतील तर वरच्या थराचे सांधे खालच्या थराच्या सांध्यांवर येऊ देत नाहीत. गंज न धरणाऱ्या स्क्रूंनी सर्व थर प्लायवूडला आवळतात. स्क्रू तळातून बाहेर येऊन जमिनीला ओरखडे पाडणार नाही, इतकीच त्याची लांबी असावी. स्क्रूतून काही उष्णता खाली जाते, त्यामुळे शेगडीच्या बरोबर खाली ते मोजकेच मारतात.

सांध्यांवर काचतंतूंची जाळीदार पट्टी चिकटवून सिमेंटी मिश्रणाने त्या भरतात. टाइल आधी कोरड्याच मांडून पाहतात, म्हणजे कापलेले तुकडे मागच्या कडेला ढकलता येतात. त्यानंतर दातेरी थापीने मिश्रण पसरून टाइल बसवतात. येथे डब्यातून तयार मिळणारा सेंद्रिय डिंक वापरणे ही नेहमीची चूक आहे. तो उष्णतेने मऊ पडतो व टाइल सुटतात. मिश्रणाला किमान एक दिवस देऊन मग ग्राउट भरतात, आणि तेही पुरते वाळल्यावरच शेगडी ठेवतात. ओल्या पाटावर पहिला विस्तव पेटवल्यास आतील पाण्याची वाफ होऊन सांधे तडकतात.

पत्र्याचा पाट याहून सोपा. पत्र्याच्या कडा खाली दुमडून त्या प्लायवूडला आवळल्या की झाले. केवळ पत्रा प्लायवूडवर ठोकून तयार केलेला पाट निखारे अडवतो, उष्णता नाही. ज्या शेगडीला उष्णतारोध लागतो तिच्याखाली तो घालणे म्हणजे जमिनीवर चकाकते झाकण घालण्यासारखे आहे.

चारही बाजूंना शोभेसाठी लाकडी पट्टी किंवा पोलादी अँगल लावतात. लाकडी पट्टी चालते, पण ती आवश्यक मापाच्या बाहेर असावी लागते; समोरचे १६ इंच हे टाइलच्या कडेपर्यंत मोजायचे, लाकडाच्या नव्हे. पाटाच्या उंचीमुळे शेगडीही तेवढी वर उचलली जाते, म्हणून धुराड्याचा जोड आणि वरची अंतरे पाट ठरवतानाच पुन्हा मोजावी लागतात. गालिच्यावर पाट ठेवल्यास तो दबून टाइल तडकण्याची शक्यता असते. तेवढा गालिचा कापून काढणे बरे.

घरी तयार केलेल्या पाटाला प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र नसते. पुस्तिकेतील आर मूल्याची अट पूर्ण केल्याचे दाखवता आल्यास अनेक ठिकाणी इमारत निरीक्षक तो मान्य करतात. त्यासाठी थरांची छायाचित्रे व उत्पादन-पत्रके जपून ठेवणे उपयोगी पडते, कारण टाइल बसल्यावर आत काय आहे हे कोणालाच दिसत नाही. विमा कंपनीकडूनही याच माहितीची मागणी होऊ शकते.

ॲस्बेस्टॉसचा प्रश्न

जुन्या घरांत शेगडीखाली सापडणारा करडा-पांढरा तंतुमय पुठ्ठा ॲस्बेस्टॉसचा असण्याची शक्यता मोठी असते. त्याचे तंतू श्वासातून आत गेल्यास फुप्फुसांचे गंभीर विकार व कर्करोग होतात. ब्रिटनने १९९९ मध्ये, युरोपीय संघाने २००५ पासून, तर कॅनडाने २०१८ मध्ये त्याच्या वापरावर बंदी घातली. अमेरिकेत क्रिसोटाइल या प्रकारावर २०२४ मध्ये बंदी आली. असा पुठ्ठा तोडू, घासू किंवा झाडू नये. चाचणी करून तो प्रशिक्षित व्यक्तींकडून काढून घ्यावा लागतो. भारतात ॲस्बेस्टॉस-सिमेंटचे पत्रे अजूनही मिळतात आणि ते स्वस्त व न जळणारे म्हणून शेगडीखाली घालण्याची कल्पना सुचू शकते. तंतूंचा धोका बाजूला ठेवला तरी हे पत्रे तीव्र उष्णतेने आवाज करीत फुटतात.

देखभाल

पाटावरील ग्राउटला पडलेली चीर लगेच भरतात, कारण निखाऱ्याला तेवढी वाट पुरते. हिवाळा संपल्यावर पाट एकदा उचलून खालचे लाकूड पाहण्याची सवय उपयुक्त आहे. लाकडाचा रंग गडद होऊ लागला असेल तर रोध अपुरा आहे असे समजावे. हलक्या पाटाचा हा मोठा फायदा, कारण बांधून काढलेल्या ओट्याखाली कधीच डोकावता येत नाही.

पाट चांगला असूनही जमीन जळण्याचे एक कारण म्हणजे राखेची बादली. राखेत गाडलेला निखारा कित्येक दिवस जिवंत राहतो. राख झाकणाच्या धातूच्या डब्यात भरून तो डबा घराबाहेर, न जळणाऱ्या जागी ठेवला जातो.

भारतीय संदर्भ

भारतात धुराडे जोडलेली लोखंडी शेगडी मुख्यतः हिमालयीन प्रदेशात आढळते. काश्मीर व लडाखमध्ये तिला बुखारी म्हणतात. लाकडी तक्तपोशीच्या घरांत जमिनीच्या संरक्षणाचा प्रश्न तेथेही तसाच उभा राहतो.

महाराष्ट्रात चूल मातीच्या किंवा फरशीच्या जमिनीवर मांडली जाई, त्यामुळे असा पाट घरगुती वस्तूंत आला नाही. बाळंतिणीच्या बाजेखाली ठेवली जाणारी निखाऱ्यांची शेगडीही सारवलेल्या जमिनीवरच असे. शहरांतील सदनिकांत आता लॅमिनेट व लाकडी जमिनी दिसू लागल्या आहेत आणि अशा जमिनीवर थेट ठेवलेली शेगडी वरीलप्रमाणेच धोका निर्माण करते. बंद खोलीतील धुराडे नसलेल्या शेगडीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडपासून मात्र कोणताही पाट संरक्षण देत नाही.